उजेडाला धरून

जेल रोडच्या मैदानात तीन रात्रींचा मांडव पडला.
बिटकोपर्यंत पोस्टरं. हात उंचावलेला माणूस,
मागे वीज, खाली फोन नंबर.
एस्तेर म्हणाली, जाऊन तर येऊ.
तिचा डावा हात तेव्हा नुसता थरथरायचा,
कपातला चहा बशीत, बशीतला पदरावर.

मी सव्वीस वर्षं प्रेसमध्ये, नोटा तपासायला.
पाळक दरवर्षी माझा दाखला देतात:
आमच्या याकोबरावांनी खऱ्या इतक्या हाताळल्यात
की खोटी त्यांच्या बोटांना आपोआप कळते,
विश्वासाचंही तसंच.
मी मान डोलावतो.
आता खरं सांगतो. त्याच आठवड्यात जुनी सायकल विकली,
भंगारवाल्यानं पाचशेची खोटी दिली
आणि मी ती घडी घालून खिशात ठेवली.
रात्री ट्यूबलाइटपुढे धरली तेव्हा उमगलं.
बोटांना काही कळत नाही.
बोटं सवयीची असतात.

मांडवात थंडी, जानेवारीतली, हाडात शिरणारी,
आणि स्पीकर एवढे
की छातीत कुणी दुसरंच काळीज बसवलंय.
तो स्टेजवरून उतरला. पांढरे बूट.
कपाळाला हात लावायचा, माणूस मागे जायचा,
झेलायला दोन पोरं, चादरी घेऊन.
रांगेत आमच्या पुढचे सगळे पडले.
मीही पडलो.
त्यानं ढकललं नाही, उगाच आळ घेणार नाही.
लाजेनं ढकललं.
एवढ्या आडव्यांत एकट्यानं उभं राहायला जे लागतं
ते माझ्यापाशी नव्हतं.
गवतावरून डोळे किलकिले करून पाहिलं,
एस्तेर उभी होती.
हात थरथरत होता, आणि ती उभी होती.
तो माइकमध्ये म्हणाला, बाई, तुझ्यात अडथळा आहे.
ती माइकशिवाय म्हणाली, असेल बाबा.

मग लाल मखमलीची पिशवी फिरली.
मी ती पाचशेची टाकली.
खोट्याला खोटी. फिट्टंफाट.
रिक्षात द्वारकेपर्यंत हसू आवरत नव्हतं.
घरी येऊन तिला सांगितलं.
तिनं हात शालीत गुंडाळला, म्हणाली,
त्याचं त्याच्यापाशी.
तुम्ही ती कोणाच्या नावानं टाकलीत?

त्याला चार वर्षं झाली. आता पायही गेले तिचे.
सकाळी सातला थोमा भांबळ येतो,
आमच्या देवळाची घंटा वाजवणारा,
बागांमध्ये औषध फवारून फवारून खोकला लागलेला.
माझा हर्निया, म्हणून तोच तिला उचलतो,
शरणपूरच्या आमच्या भिंतीकडेला, उन्हात, खुर्चीवर ठेवतो,
काठोकाठ भरलेली घागर ठेवावी तसा.
प्रार्थना करत असला तरी ऐकू येत नाही.
एकदा विचारलं, थोमा, वाटत नाही का रे,
आपण हात ठेवावा आणि हिनं उठावं?
रोज वाटतं, म्हणाला.
खोकला. मग म्हणाला,
उद्या शेकायला वाळू आणतो, नदीची, बारीक.

उत्तम शुक्रवारी मी मागच्या बाकावर बसतो.
तीन तास. कंबर दुखते.
सगळ्या वाचनातलं माझ्या कानात एवढंच राहतं:
खाली उतर, म्हणत होते लोक,
उतर म्हणजे मानू.
याजक म्हणाले, शिपाई म्हणाले,
शेजारी टांगलेला चोरसुद्धा म्हणाला.
उतरला असता तर त्या टेकडीवर
पाय ठेवायला जागा उरली नसती.
नाही उतरला.

तेव्हापासून कुणाचाही हात दिसला
की मी थांबून बघतो, हा काय सोडून देऊ शकतो.
तरी चुकतो. गेल्या महिन्यात पुन्हा चुकलो,
ते सांगत नाही.

उन्हात एस्तेर हात वर करते, माशी हाकलायला.
कातडी पातळ झालीय, आरपार उजेड जातो,
आत निळ्या शिरा, काहीतरी लिहिल्यासारख्या.
मी बघत राहतो. जुनी सवय.
काय बघताय, म्हणते,
थोमा कधीचा उभा आहे, त्याला चहा द्या.